नागपुरात न्यूट्रिनो कार्यशाळा भरवायची तर: तीन दिवसांच्या पाहणीतून ठरलेला कार्यक्रम

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात तीन दिवस राहून सभागृह, मुक्कामाच्या खोल्या आणि प्रयोगशाळा पाहिली. न्यूट्रिनो या अतिशय हलक्या, पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या कणावरच्या, चाळीस एमएस्सी-पीएचडी विद्यार्थ्यांच्या तीनदिवसीय कार्यशाळेचा कार्यक्रम तिथेच बसून पक्का केला. पुढे इथे असंच काही भरवणाऱ्यांसाठी ही टिपणं.

आधी तारखा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की हॉटेलं भरतात आणि रस्ते अडवले जातात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते, रेल्वेचं आरक्षण मिळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उरतो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. जानेवारीत मात्र उत्तरेतल्या धुक्यामुळे दिल्ली-प्रयागराजकडच्या गाड्या आणि विमानं तासन्‌तास लेट होतात. म्हणून पहिल्या दिवशीचं पहिलं सत्र मुंबई, पुणे किंवा चेन्नईहून येणाऱ्या वक्त्यालाच द्या.

शहरात फिरायला मेट्रो चांगली आहे. वर्धा रोडवरून येणारी ऑरेंज लाइन सीताबर्डीला अ‍ॅक्वा लाइनला मिळते. तिथे गाडी बदलून शंकरनगर किंवा एलएडी चौकात उतरलं की अंबाझरीकडच्या शैक्षणिक परिसरांना ऑटो मिळतो. एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, हे पाहुण्यांना आधीच कळवा.

आता मुख्य मुद्दा. न्यूट्रिनोवरच्या कार्यशाळेत सर्वात जास्त वेळ वाया जातो तो प्रस्तावनेत. प्रत्येक वक्ता न्यूट्रिनोची कल्पना मांडणाऱ्या पाउलीच्या १९३० मधल्या पत्रापासून सुरू करतो, मग तो प्रयोगात पकडणारे १९५६ मधले राइन्स-कोवन, मग न्यूट्रिनोचे तीन प्रकार एकमेकांत कसे मिसळतात ते सांगणारं मिश्रणाचं मॅट्रिक्स. आठ व्याख्यानांत ही दहा-दहा मिनिटं जोडली तर ऐंशी मिनिटं होतात, म्हणजे दोन सत्रं गेली. यावर उपाय एकच: प्रस्तावना एका माणसाकडे सोपवा, नव्वद मिनिटं द्या, तीही फळ्यावर. बाकी वक्त्यांना महिनाभर आधी एक पान पाठवा. त्यात काय गृहीत धरायचं ते असावं: मिश्रणाचे तीन कोन, एक सीपी फेज (न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे वागतात का ते ठरवणारा कोन), तीन वस्तुमानांच्या वर्गांमधले (स्क्वेअर) दोन फरक. धाकटा साधारण ०.००००७५ आणि थोरला ०.००२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर्ग. थोरला फरक तिसऱ्या आणि पहिल्या वस्तुमानातला (३-१) घ्यायचा की तिसऱ्या आणि दुसऱ्यातला (३-२), हेही त्याच पानावर ठरवून टाका. दोन्हींत अंतर जेमतेम तीन टक्क्यांचं, पण चीनमधल्या जुनो प्रयोगाचा वस्तुमान-क्रमाचा (कोणता न्यूट्रिनो सर्वात जड, याचा) निर्णय त्या तीन टक्क्यांवरच उभा आहे. एकाने ३-१ घेतला, दुसऱ्याने ३-२, की विद्यार्थी नेमके तिथे गोंधळतात.

सत्रं प्रयोगांच्या नावांनी न लावता प्रश्नांनी लावली: वस्तुमानांचा क्रम कोणता, सीपी सममिती मोडते का, वस्तुमान प्रत्यक्षात किती, आकाशातून येणारे अतिऊर्जावान न्यूट्रिनो कुठून येतात. मग पहिल्या दोन प्रश्नांवर काम करणारे अमेरिकेतला नोव्हा आणि जपानमधला टीटूके हे प्रयोग आपोआप शेजारी बसतात, आणि वस्तुमान थेट मोजू पाहणाऱ्या जर्मनीतल्या कात्रिन प्रयोगाची ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टची कमाल मर्यादा नेमकी कशावर आहे हे सांगायला जागा मिळते. भारतात सिद्धांत आणि फेनोमेनॉलॉजीचे (सिद्धांताची प्रयोगांच्या आकड्यांशी सांगड घालणारे) वक्ते सहज मिळतात, डिटेक्टर हाताळलेले कमी. त्यामुळे निमंत्रणं डिटेक्टरवाल्यांना आधी पाठवा. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो सापडले, त्यावर अर्धा तास हवाच. आपल्या विद्यार्थ्यांना तो इतिहास क्वचितच कोणी सांगतं.

ऑनलाइन वक्त्यांची वेळ घड्याळ पाहून लावा. जपान सकाळी (आपले साडेनऊ म्हणजे तिथले दुपारचे एक), युरोप दुपारी अडीचला, शिकागो संध्याकाळी साडेसातला. मार्चमध्ये अमेरिका आणि युरोप वेगवेगळ्या रविवारी घड्याळं पुढे करतात. तिथे हमखास घोटाळा होतो. परदेशी वक्ता प्रत्यक्ष येणार असेल तर टुरिस्ट व्हिसा चालत नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो. त्यासाठी यजमान संस्थेला लागणाऱ्या मंजुऱ्यांची सुरुवात किमान चार महिने आधी करा. मुक्काम संस्थेच्या गेस्ट हाउसमध्ये असला तरी परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लोब्सवर, म्हणजे न्यूट्रिनो प्रयोगांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, प्रात्यक्षिक. ते लिनक्सवर चालतं आणि जीएसएल ही गणिती लायब्ररी नसेल तर कॉन्फिगर करतानाच अडतं. चाळीस जण एकाच वायफायवरून ते उतरवायला लागले की तास तिथेच संपतो. व्हर्च्युअल मशीनची तयार फाइल दहा पेनड्राइव्हवर न्या. विजेचाही हिशोब करा: चाळीस लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॅट, म्हणजे २६०० वॅट. सहा अँपिअरचं एक सर्किट जेमतेम १३८० वॅट पेलतं, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड तीन वेगळ्या सर्किटांवर वाटा.

वीज गेलीच तर वहीवरचा प्रश्न तयार ठेवा. १.२७ गुणिले वर्गफरक गुणिले अंतर (किमी) भागिले ऊर्जा (जीईव्ही) हे १.५७ इतकं झालं की दोलनाचं (न्यूट्रिनोचा प्रकार वाटेत बदलण्याचं) पहिलं शिखर येतं. वर्गफरक थोरला घ्यायचा. टीटूकेचे २९५ किमी घातले की ०.६ जीईव्ही मिळतात, नोव्हाच्या ८१० किमीला १.६, अमेरिकेतल्या ड्यून प्रयोगाच्या १३०० किमीला २.६. नोव्हाचं अंतर म्हणजे नागपूर ते मुंबई रेल्वेने साधारण जेवढं पडतं तेवढं. असं सांगितलं की आकडा डोक्यात राहतो.

डिटेक्टर दाखवायचा तर आरपीसीचा (वायू भरलेल्या पातळ पेटीसारख्या डिटेक्टरचा) मोह टाळा. त्यातल्या वायूंच्या मिश्रणात आयसोब्युटेन असतो, तो ज्वालाग्राही वायू विमानात वा रेल्वेत नेता येत नाही. वीस बाय वीस सेंटिमीटरचे दोन सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे पत्रे) एकावर एक ठेवले तर पुरे. प्रत्येकातून मिनिटाला साधारण चारशे म्युऑन (वातावरणातून खाली येणारे कण) जातात, आणि दोन्हींत एकाच वेळी सिग्नल आलेलेच मोजायचे. खोलीतला दिवा लावल्यावर आकडा एकदम वाढला तर काळी टेप कुठेतरी सुटली आहे.

सभागृहात एलईडी स्क्रीन असेल तर लेझर पॉइंटर त्यावर दिसत नाही. लॅपटॉपच्या कर्सरवर काम भागवायचं हे वक्त्यांना आधी सांगा. एक मोठा फळा आणि खडू मागून घ्या. सकाळी तर्री पोहे ठेवाल तर तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि सावजी जेवणाचा बेत शेवटच्या रात्रीच करा.