हातचा एक

मोटारीमागे ओढायच्या माझ्या जुन्या ट्रेलर-घराच्या मागच्या भिंतीवरचा पत्रा उतरवला, ऊन-थंडी अडवायला भरलेली आणि ओल धरून गोळा झालेली ग्लासवूल हाताने उपसून काढली, तेव्हा आतल्या प्लायवुडच्या पाठीवर पेन्सिलीने केलेली एक वजाबाकी दिसली. ४५¼ मधून १७¾, खाली ठसठशीत रेघ, उत्तर २८½. दुपारची वेळ होती, हात दुखत होते, म्हणून बसल्या बसल्या मी ती मनात करून पाहिली आणि थबकलो. सव्वापंचेचाळीसातून पावणेअठरा गेले तर साडेसत्तावीस उरतात. पावातून पाऊण जात नाही म्हणून एक उसना घेतला होता, सव्वातून पाऊण काढून अर्धाही बरोबर मांडला होता. फक्त तो हातचा पंचेचाळीसातून कमी करायचा राहून गेला होता.

हा ट्रेलर १९६२ सालचा आहे. पुढून-मागून गोलसर, बाजूंनी सपाट; याच आकारामुळे अमेरिकेत या जातीला ‘कॅन्ड हॅम’, म्हणजे मांसाचा बंद डबा, असे नाव पडले. विकत घेताना तो नुकताच रंगवलेला होता, पडदे नवे होते, आणि या दोन्ही गोष्टींनी सावध होण्याऐवजी मी खूश झालो. वरून कीर्तन आणि आतून तमाशा हा प्रकार घरी आणल्यावर, खिडकीखालच्या लाकडात टोचणी घातली तेव्हा कळला. टोचणी मुठीपर्यंत आत गेली. जुना ट्रेलर घेणाऱ्याने खिशात दुसरे काही नसले तरी चालेल, टोचणी हवी. आणि मालक ती पाहून अस्वस्थ झाला तर पुढे काही विचारायची गरज नाही.

तरीही मी तो घेतलाच असता, हे कबूल केले पाहिजे. पहिल्यांदा आत जाऊन बसलो तेव्हा न उठता एक हात शेगडीला लागला आणि दुसरा बिछान्याला, आणि मला एकदम जेवणाच्या टेबलाखालचे घर आठवले. टेबलावरून चादर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडायची, आत एक उशी, एक पाण्याची बाटली, बिस्किटांचा डबा आणि टॉर्च एवढेच न्यायचे. बाहेर मोठ्यांचे पाय जात-येत असायचे, आपल्याला हाका मारल्या जायच्या, आणि आपण टॉर्च विझवून श्वास रोखून बसायचे. त्या घरात उभे राहता येत नसे, ही त्याची उणीव कधी वाटलीच नाही. पुढे राहिलेल्या प्रत्येक घरात मला कोणत्या ना कोणत्या वस्तूसाठी उठावे लागले.

चाकांवरच्या घराचे हे वेड तसे जुने आहे. आरमारातून निवृत्त झालेल्या गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराने १८८५ मध्ये केवळ भटकंतीच्या हौसेसाठी घोड्यांनी ओढायची एक भक्कम गाडी बांधून घेतली होती. ग्लायडर बांधणाऱ्या हॉली बोलसने १९३४ मध्ये विमानासारखा अॅल्युमिनियमचा ट्रेलर काढला, पण दार ठेवले पुढच्या टोकाला, ओढायच्या दांड्याच्या वर. आत शिरायचे तर तो दांडा ओलांडून. रिव्हेट मारलेले ते चकचकीत ट्रेलर वेगळ्या कुळातले. माझ्या डब्याचा पत्रा पातळ आणि आतला सांगाडा लाकडाचा, म्हणजे त्याचे सगळे आयुष्य पाणी बाहेर ठेवण्यात जायचे.

यात फसगत अशी की हे ट्रेलर आतून बाहेर बांधले जात. आधी लोखंडी चौकटीवर तळ, मग आतल्या प्लायवुडसकट भिंती, मग कपाटे, ती बाहेरच्या बाजूने स्क्रू मारून पक्की केलेली, आणि सर्वांत शेवटी पत्रा. त्यामुळे दुरुस्तीला बाहेरून हात घालावा लागतो. मी अर्थातच आतून सुरुवात केली, आणि एक कपाट निघत का नाही यावर तीन रविवार घालवले. पुढचे रविवार फटी बुजवायचे सिलिकॉन खरवडण्यात गेले. आधीच्या मालकांनी गळती दिसेल तिथे सिलिकॉन फासले होते, त्यावर पुन्हा सिलिकॉन, आणि पाणी आपले निवांत दुसऱ्याच वाटेने येत होते. सांध्याखाली ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी न घालता वरून मलमपट्टी करणाऱ्यांविषयी माझे मत आता फारसे छापण्यासारखे राहिलेले नाही. जुने सपाट खाचेचे स्क्रू मात्र मी एकही टाकलेला नाही. प्रत्येकाच्या खाचेतला रंग टाचणीने काढतो आणि बरण्यांत भरतो. ते परत वापरणार नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि घरच्यांनाही.

गळतीसाठी मी छपरावरच्या झडपेला दोष दिला होता, मग कोपऱ्यांच्या पट्ट्यांना. खरी वाट या वजाबाकीतून आली होती. एका इंचाने मोठे झालेले खिडकीचे भोक कोणी तरी खालून एक फळकूट ठोकून बुजवले होते, आणि खिडकीच्या खालच्या कडेचे सगळे स्क्रू त्या फळकुटातच बसवले होते. रस्त्याच्या हादऱ्यांनी फळकूट सैल झाले, स्क्रू ढिले पडले, कड उचलली गेली. पुढचे पावसाने केले.

त्या माणसावर रागावण्याचा मी प्रयत्न करून पाहिला. जेवणाची सुटी जवळ आली असेल, किंवा कोणी तरी मागून हाक मारली असेल.

नवा तक्ता कापण्याआधी मी त्याच्या पाठीवर हिशेब तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा साडेसत्तावीसच आले. करवतीच्या पात्याची जाडी धरायची मात्र राहिली, आणि चौकटीचा उभा दांडा एक सूत आखूड पडला. तिथे पातळ पाचर मारली आहे. खिडकीचा एकही स्क्रू तिच्यात येणार नाही एवढी काळजी घेतली आहे. माझा हिशेबही पेन्सिलीचाच आहे. उद्या त्यावर ग्लासवूल येईल, परवा पत्रा.