दोन बुरुजांचा ऑप मॅप, चौथा आठवडा: मधली फट २५६ वरून १६०

मी काउंटर-स्ट्राइकसाठी बांधत असलेल्या ऑप मॅपवर (ऑप म्हणजे एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल) मागच्या रविवारी रात्री आठ जण ३० राऊंड खेळलो. त्यातले २१ सीटींनी (काउंटर-टेररिस्ट संघाने; समोरचा संघ टी, म्हणजे टेररिस्ट) जिंकले. मॅप दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा आहे: इकडे बुरुज, तिकडे बुरुज, दोघांच्या मागे तटबंदी, मध्ये मैदान. अर्ध्यात टीम बदलूनही सीटीच जिंकत राहिले, म्हणजे दोष खेळाडूंचा नव्हता. हा आठवडा तो दोष शोधण्यात गेला.

नव्यांसाठी: गेम काउंटर-स्ट्राइक १.६, मॅप बांधायचं काम व्हॅल्व्ह हॅमर एडिटरमध्ये, त्याची खेळता येणारी फाइल बनवायला (कंपाइल) झेडएचएलटी ही टूल्स. हत्यारं दोनच, ऑप आणि चाकू.

दोष उन्हात सापडला. लाइट_एन्व्हायर्नमेंटमधला (मॅपचं ऊन ठरवणारी एंटिटी, म्हणजे मॅपमध्ये ठेवायची वस्तू) सूर्य मी सीटींच्या पाठीमागे ठेवला होता, कारण स्क्रीनशॉट सुंदर येत होते. त्यामुळे सीटींच्या तटाची सावली त्यांच्याच अंगणात पडायची. या इंजिनात माणसाचं मॉडेल पायाखालच्या जमिनीवर जेवढा उजेड असेल तेवढंच उजळ दिसतं. सावलीत उभा सीटी काळपट, मागची तपकिरी भिंतही काळपट, म्हणून स्कोपमधून तो अर्धा क्षण उशिरा नजरेत यायचा. टींची भिंत मात्र भर उन्हात, तिच्यासमोर माणूस ठळक. एका गोळीत मारणारं हत्यार हातात असताना अर्धा क्षण म्हणजे सगळंच. आता सूर्य ९० अंशांनी फिरवून बाजूला घेतला आहे. सावल्या आडव्या पडतात, दोन्ही अंगणांत सारख्याच. भूमिती आरशासारखी केली की मॅप समतोल झाला असं आपण धरून चालतो. तुमच्या मॅपमध्ये उजेडही एकदा तपासा.

दुसरं काम मधल्या फटीचं, आणि माझ्या मते ऑप मॅपचा जीव तिथेच असतो. मैदानाच्या मधोमध दोन ओटे आहेत, त्यांच्यामधली मोकळी जागा ओलांडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ती २५६ युनिट (गेममधलं लांबीचं माप) होती. ऑप हातात धरून माणूस सेकंदाला २१० युनिट पळतो, चाकू धरून २५०. म्हणजे ऑप घेऊन पार व्हायला सव्वा सेकंद, चाकू घेऊन एक. समोरचा आधीच स्कोप लावून बसला असेल तर दोन्हींत मरण ठरलेलं, मग कोणी निघायचंच नाही. सगळे आपापल्या बुरुजावर बसून राहायचे आणि राऊंड वेळ संपल्यामुळेच संपायचा. फट १६० केली. आता ऑपने पाऊण सेकंद, चाकूने त्याहून थोडं कमी. पहिली गोळी चुकली तर ऑपची पुढची गोळी साधारण दीड सेकंदाने सुटते, तेवढ्यात मागचा साथीदारही आरामात पार होतो. आता लोक जोडीने निघायला लागले आहेत, मला हेच हवं होतं.

जंग्याही (तटातली गोळी झाडायची भोकं) बदलल्या. किल्ल्याच्या तटात जंगी ठेवतात तीच मुळी बाहेरच्याला आतला दिसू नये म्हणून, आणि मी तशाच हुबेहूब बांधल्या होत्या. खेळाडू उभा ७२ युनिट, बसला की ३६. उभ्याची नजर पायापासून ५३ वर, आणि गोळी नजरेच्या रेषेतूनच सुटते. माझी जंगी ४८ ते ६४ अशी होती. आतला सगळं मैदान बघणार आणि बाहेरच्याला त्याची जेमतेम १६ युनिटांची पट्टी दिसणार. आता उघडीप ३२ ते ७२ ठेवली आहे, छातीही दिसते. ऑपची गोळी पायाला लागली तर माणूस वाचतो, छातीला लागली तर नाही, त्यामुळे एवढा बदल पुरला. बुरुजाच्या चर्या (माथ्यावरचे दातेरी कठडे) मात्र तशाच राहू दिल्या आहेत, त्यांच्याशिवाय बुरुज बुरुज वाटत नाही.

एक छोटी गोष्ट, कोणाचा तरी वेळ वाचेल. जमिनीवर बंदुका मांडण्याऐवजी मी गेम_प्लेअर_इक्विप (खेळाडूला सुरुवातीलाच हत्यारं देणारी एंटिटी) लावलं. ते लावलं की गेम नेहमीचं सामान देत नाही. त्यात फक्त ऑप आणि गोळ्या लिहिल्या होत्या, आणि सगळे चाकूविना स्पॉन झाले, म्हणजे मैदानात उतरले. गोळी झाडून दोनदा क्यू दाबायची (चाकू काढून लगेच परत ऑप घ्यायची) ज्यांना वर्षानुवर्षांची सवय, त्यांची बोटंच अडली. वेपन_नाइफ वेगळं लिहावं लागतं. खरेदी बंद करायला इन्फो_मॅप_पॅरामीटर्स वापरलं. बायझोन (खरेदीची जागा) न ठेवणं पुरत नाही, कारण झोन नसेल तर गेम स्पॉनच्या आसपास खरेदी चालू ठेवतो.

काल नव्या बिल्डवर पुन्हा ३० राऊंड झाले: सीटी १६, टी १४. शेवटच्या राऊंडला माझा मामेभाऊ एकटा उरला होता, समोर दोघं. चाकू काढून तो फटीतून पळाला, पहिली गोळी त्याच्या मागच्या ओट्यावर आदळली. पलीकडे पोचताच त्याने ऑप घेतली, गोळी झाडणाऱ्याला तिथेच टिपला, आणि दुसरा अजून त्या रिकाम्या फटीवरच स्कोप धरून बसला होता.