पन्हाळ्याखाली अडकलेला धूर

जानेवारीतली पहाट. पाचला रंकाळ्यावरून मामाच्या बुलेटवर निघालो. वाघबिळाला चहा घेतला तिथवर डोळे चरचरत होते. घाट चढताना मात्र एक वळण घेतलं आणि हवा एकदम लख्ख झाली. वरच्या बाजूला तर अंगावर ऊबही जाणवली.

का, ते सज्जा कोठीत उभं राहिल्यावर कळलं. खाली सगळा ऊसपट्टा धुराच्या थराखाली, आणि थराची वरची कड रंधा मारल्यासारखी सपाट! गुऱ्हाळांच्या धुरांड्यांतून शेपट्या सरळ उठायच्या आणि त्या कडेला टेकल्या की आडव्या व्हायच्या. थंडीच्या रात्री जमीन गार पडते, वरची हवा उबदार राहते, मग धुरावर झाकणच बसतं.

"तू उपग्रहावरनं धूर हुडकतोस न्हवं? मग सांग, ह्यो कुठला?" मामानं डिवचलं. मी गप्प. त्यानंच सांगितलं, "ही पांढरी शेपटी गुऱ्हाळाची. चिपाड ओलं हाय. अन् त्यो पलीकडचा पिवळट, पाचट पेटवलंय कुणीतरी."

धूर कुठला ते ओळखायचं, हे आमच्या धंद्यातलं अवघड काम मामानं कठड्याला टेकून उरकलं. ऑगस्ट 2021 मध्ये सायबेरियातल्या याकुतियाच्या वणव्यांचा धूर तीन हजारांहून जास्त किलोमीटर जाऊन उत्तर ध्रुवावर पोचला, ते नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस कॅमेऱ्याच्या चित्रांत दिसलं. तेव्हा निदान ऊन तरी होतं. ध्रुवावरच्या हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, मग साधा कॅमेरा काय बघणार? तिथं लायडार लागतो. तो स्वतःच लेसरचा झोत सोडतो आणि परत आलेल्या उजेडावरून थराची उंची काढतो. 2006 ते 2023 कॅलिप्सो उपग्रहानं हेच केलं, पण त्याची कक्षा 82 अंश अक्षांशापर्यंतच. ऐन ध्रुव कोराच.

ती उणीव 2019-20 च्या मोझॅक या उत्तर ध्रुवाकडच्या संशोधन मोहिमेत काही अंशी भरली. 'पोलारस्टर्न' जहाज बर्फात गोठवून घेतलं होतं आणि त्यावरचा लायडार हिवाळाभर आकाश बघत होता. वर जाड थर सापडला. काहींच्या मते तो सायबेरियाचा धूर, काहींच्या मते 2019 च्या जूनमध्ये फुटलेल्या रशियातल्या रायकोके ज्वालामुखीचा गंधक. वाद चांगलाच रंगला. तिथं मामा हवा होता.

पण एवढा धूर इतक्या वर जातोच कसा, हे मामाला पटेना. मोठ्या वणव्याची उष्णता स्वतःचेच गडगडाटी ढग उभे करते आणि धूर झाकण फोडून स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरात, घुसतो. तिथं काजळी ऊन पिऊन तापते आणि आजूबाजूच्या हवेला घेऊन आणखी चढते. 2017 च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर असाच दोनेक महिन्यांत बारा किलोमीटरवरून तेवीसवर गेला होता. तिकडं पाऊस नसल्यानं तो महिनोन् महिने टिकतो.

"आणि आमचा?"

"तुमचा पन्हाळाबी चढंना," मी म्हणालो. मामाला ते लागलं असावं. भाकरी-ठेचा संपेपर्यंत बोलला नाही.

दहाच्या सुमाराला ऊन तापलं. खालची कड आधी विस्कटली, मग थर फुगत फुगत तटबंदीपर्यंत आला. करपट वास आला तेव्हा मामा बाटलीतली काकवी भाकरीच्या शेवटच्या तुकड्यावर ओतत होता.

"आला बघ वर," तो म्हणाला.