ट्रेलरच्या टायरना सेन्सर बसवताना: माझा अनुभव

पिकअपच्या मागे जोडलेल्या, आत राहायची सोय असलेल्या ट्रेलरचा टायर बसला, तर स्टिअरिंग धरणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आमच्या ट्रेलरला दोन ॲक्सल आहेत, प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं. त्यातल्या एकातली हवा गेली की त्याचं ओझं शेजारचं चाक उचलतं. गाडी एका बाजूला ओढत नाही, आरशात पाहिलं तर ट्रेलर सरळच दिसतो. तोवर बसलेला टायर चेपून चेपून तापत राहतो आणि शेवटी फुटतो. फुटल्यावर त्याचे सुटलेले पट्टे चाकावरच्या पत्र्यावर चाबकासारखे बसतात. त्यात वायरिंग तुटतं, फरशी उखडते, कधी गॅसची नळीही जाते. ॲरिझोनातल्या एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या जागेत असा एक ट्रेलर पाहिला. आतलं कपाट बाहेरून दिसत होतं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून त्या आजोबांना थांबवलं, तोपर्यंत त्यांना काही जाणवलंही नव्हतं. त्याच रात्री नवऱ्याला म्हटलं, आता टायरची हवा दाखवणारे सेन्सर बसवल्याशिवाय ट्रेलर हलवायचा नाही.

आम्ही राहतो फिनिक्समध्ये. उन्हाळ्यात इथे ११० फॅरनहाइटच्या पुढे पारा जाणं ही रोजची गोष्ट, आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. मे महिना लागला की ट्रेलर जोडून उत्तरेला फ्लॅगस्टाफच्या थंडाव्यात पळायचं, हा इथल्या कितीतरी घरांचा शिरस्ता आहे. म्हणजे टायरची सगळ्यात कडक परीक्षा नेमकी आमच्या फिरण्याच्या दिवसांतच होते.

आमच्या पिकअपच्या स्वतःच्या चारही टायरची हवा डॅशबोर्डवर दिसते. २००० साली फायरस्टोनचे टायर आणि फोर्ड एक्स्प्लोरर यांच्या अपघातांचं प्रकरण गाजलं, त्यानंतर अमेरिकेत ट्रेड (TREAD) ॲक्ट हा वाहनांच्या सुरक्षेचा कायदा आला आणि त्यातून पुढे नव्या मोटारी व हलक्या ट्रकना ही यंत्रणा सक्तीची झाली. सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या, १०,००० पौंडांपर्यंतच्या जवळपास सगळ्या गाड्यांत ती असते. ट्रेलर मात्र त्या नियमाच्या बाहेर राहिले. जो टायर ड्रायव्हरपासून सगळ्यात लांब, ज्याच्या बिघाडाची खबर सीटपर्यंत पोचतच नाही, त्यालाच पहारा नाही, ही मला मोठी उणीव वाटते. शिवाय त्या नियमात इशारा द्यायचा तो २५ टक्के हवा कमी झाल्यावर. आमच्या ट्रेलरच्या टायरमध्ये थंड असताना ८० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) लागते. २५ टक्के गेली म्हणजे ६० उरली. तोपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती.

बाजारात दोन तऱ्हा आहेत. एक सेन्सर रिमच्या आत बसतो, दुसरा व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बाहेरून फिरवून लावायचा. आतल्याची बॅटरी संपली की टायर उतरवावा लागतो, म्हणून मी बाहेरचा घेतला. त्यातही दोन प्रकार. एकातून सेन्सर न काढता हवा भरता येते, पण तो जड आणि लांब. दुसरा बटणाएवढा, जेमतेम १० ग्रॅमचा, पण हवा भरायची तर काढून ठेवावा लागतो. मी दुसरा निवडला, आणि त्यामागे एक हिशोब होता.

ट्रेलर ताशी ६० मैलांनी धावत असताना चाक किती वेगाने फिरतं आणि व्हॉल्व्ह मध्यापासून किती अंतरावर आहे, हे धरून मी कागदावर आकडेमोड केली. व्हॉल्व्हच्या टोकावरची वस्तू तिच्या वजनाच्या जवळपास शंभरपट जोराने बाहेर ओढली जाते. म्हणजे १० ग्रॅमचा सेन्सर तिथे एक किलोचा होतो, आणि २० ग्रॅमचा दोन किलोंचा. हे ओझं सोसायचं कुणी? तर रबरी व्हॉल्व्हने. बारीकसा रबराचा दांडा, वर्षभर ॲरिझोनाचं ऊन खाल्लेला. तो बुडाशी वाकत राहिला की भेगाळतो, आणि मग ज्या सेन्सरने हवा राखायची त्याच्याचपायी हवा जाते. मोटारींना सर्रास असतात ते टीआर-४१३ जातीचे रबरी व्हॉल्व्ह तर ६५ पीएसआयपर्यंतचेच. ८० चे रबरी व्हॉल्व्हही मिळतात, तसेच आमच्या रिमला होते. तरी मी ठरवलं की आधी चारही चाकांना आणि स्टेपनीला धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह टाकायचे आणि सेन्सरला मग हात लावायचा. माझ्या मते या सगळ्या कामातला खरा भाग हाच आहे. सेन्सर लावायला पाच मिनिटं पुरतात.

व्हॉल्व्ह बदलायला टायर रिमवरून सोडवावा लागतो, ते घरी होण्यासारखं नाही. आमच्या भागात मेक्सिकन लोकांची टायरची दुकानं जागोजागी आहेत, त्यांना यांतेरा म्हणतात. आपल्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याची आठवण यावी अशीच. बाहेर जुन्या टायरची चळत, आत कॉम्प्रेसरचा घरघराट आणि हातात कसब. मी चाकं काढूनच न्यायची ठरवली. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवला, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले आणि जॅक चासीच्या लोखंडी पट्टीखाली, ॲक्सलच्या जवळ घेतला. ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावायचा नाही, ती वाकते. वाकली की टायर एका कडेनेच झिजायला लागतात.

दुकानातल्या दादांनी जुना रबरी व्हॉल्व्ह कापून माझ्या हातात दिला. बोटाने वाकवल्यावर बुडाशी गोल बारीक भेगांची माळ उघडली. टायर चांगल्या स्थितीत होता आणि हवाही टिकत होती, पण वर वजन चढवल्यावर हा व्हॉल्व्ह किती दिवस तग धरणार होता, ते कुणालाही कळलं असतं. नवे व्हॉल्व्ह मी निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेचे घेतले होते. पितळी आट्यांचा सेन्सर ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर चढवला तर ओलाव्याने दोन्ही एकमेकांत गंजून जाम होतात आणि काढायला गेलं की व्हॉल्व्हच तुटतो. चाकं बॅलन्स करून घेतली, घरी आणून चढवली, नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून समोरचा, असे आवळले. किती जोर लागला ते दाखवणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच वापरला. आमच्या चाकांना ९० ते १२० फूट-पौंड लागतात. नव्याने बसवलेल्या चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा तपासायचे असतात. दुसऱ्या दिवशी ट्रेलर मोकळ्या रस्त्यावर नेऊन ते काम उरकलं.

मग आकडे. सेन्सर काय बोलणार हे आपण त्याला कुठले आकडे देतो त्यावर ठरतं. ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात एक पट्टी चिकटवलेली असते, त्यावर टायरचं माप आणि थंड हवेचा दाब छापलेला असतो. आमचं माप एसटी २२५/७५ आर १५, लोड रेंज (ओझं पेलण्याची श्रेणी) ई, दाब ८० पीएसआय. या दाबाला एक टायर २,८३० पौंड उचलतो. वजन किती पडतंय ते पाहायला सामान, पाणी भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गेलो. ट्रेलरच्या दोन ॲक्सलवर मिळून साधारण ६,४०० पौंड आले, म्हणजे एका टायरवर १,६०० च्या आसपास. एवढा वाव आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.

हवा मोजली ती पहाटे पाचला. ऊन चढलं की उजेडाच्या बाजूचे टायर सावलीच्या बाजूपेक्षा काही पीएसआय जास्त दाखवतात, मग मूळ आकडाच चुकतो. चारही टायर ८० वर आणले. खालचा इशारा ७२ वर ठेवला, म्हणजे १० टक्के घट. वरचा १०० वर, २५ टक्के वाढ. तापमानाचा ७० सेल्सिअसवर. डिस्प्लेवर आधी चाकाची जागा निवडायची आणि मग त्या चाकाचा सेन्सर फिरवायचा. फिरवताना व्हॉल्व्हमधली पिन दाबली जाऊन बारीक फुस्स आवाज येतो, आणखी अर्धा फेरा दिला की थांबतो. हाताने जेवढा बसतो तेवढाच बसवायचा, पक्कड लावायची नाही. मग साबणाचं पाणी. एका सेन्सरच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले. काढून पाहिला तर आतली रबरी रिंग किंचित बाजूला सरकली होती. नीट बसवून पुन्हा पाणी लावलं, बुडबुडे बंद.

ट्रेलर २४ फुटी, पुढे पिकअप, मध्ये सगळं लोखंड. मागच्या चाकांचा संदेश डिस्प्लेपर्यंत कधी पोचायचा, कधी नाही. म्हणून सिग्नल पुढे ढकलणारा रिपीटर ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात बसवला, १२ व्होल्टच्या वायरला फ्यूज घालून. जोडणी बॅटरी तोडायच्या स्विचनंतर घेतली, नाहीतर ट्रेलर उभा असतानाही रिपीटर बॅटरी खात बसतो.

पहिल्या मोठ्या प्रवासात दुपारी थर्मामीटर ११२ दाखवत होता. ८० ची हवा अर्ध्या तासात ९१-९२ वर गेली. आकडा चढताना पाहून नवरा अस्वस्थ झाला, थोडी काढू या का म्हणाला. आमचे अण्णा पुणे-बंगलोर रस्त्यावर ट्रक चालवायचे. ढाब्यावर थांबलं की क्लीनर टॉमीने एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचा आणि अण्णा जेवता जेवता कान तिकडे ठेवायचे. फोनवर त्यांना आकडे सांगितले. म्हणाले, "तापलेल्या टायरची हवा काढायची नाही, बाळा. चारी सारखी चढली ना? मग जा निवांत. एखादी वेगळी वागली तर थांब." तेच सूत्र मी धरलं आहे. ८० हा थंड टायरचा आकडा आहे. तापल्यावर चढलेली हवा काढली, तर रात्री थंड झालेला टायर ७० वर येतो आणि दुसऱ्या दिवशी तसाच पळतो. आकडा नुसता पाहायचा नसतो, शेजारच्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो.

एखादा वेगळा वागला तो फ्लॅगस्टाफकडे जाणाऱ्या आय-१७ महामार्गावर, सनसेट पॉइंटच्या पुढे. ब्लॅक कॅनियन सिटीपासूनचा लांब चढ संपला होता, तिघे ९१ वर आणि डावीकडचा मागचा ८८. मग ८६. तेवढ्यात डिस्प्ले किंचाळला आणि झपाट्याने हवा जात असल्याचं चिन्ह लुकलुकायला लागलं. ७२ चा इशारा अजून बराच लांब होता. हवा कमी होण्याचा वेग ओळखणारा हा वेगळा इशारा असतो. कॉर्डिस जंक्शनची एक्झिट समोरच होती. वेग उतरवत बाहेर पडले, सपाट जागा पाहून थांबले तेव्हा ७४ उरली होती. पिकअपमध्ये या सगळ्या वेळात कणभरही फरक जाणवला नाही. टायरच्या मधल्या नक्षीत स्क्रू रुतला होता, डोकं घासून चकचकीत झालेलं. स्टेपनीला पाचवा सेन्सर आधीच लावलेला असल्यामुळे तिच्यात हवा आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. चाक बदललं, नट आवळले, पुढे निघालो. फ्लॅगस्टाफला त्या टायरला आतून पॅच मारून घेतला. बसलेल्या अवस्थेत पळाला नव्हता, म्हणूनच तो वाचला.

फ्लॅगस्टाफला पहाटे बाहेर येऊन पाहिलं तर सगळे टायर ७६. फिनिक्सला पहाटे ८५ फॅरनहाइट होतं, इथे ४५. थंडीने सहा-सात पीएसआय खाल्ले. उलट फ्लॅगस्टाफ जवळपास ६,९०० फुटांवर, फिनिक्स १,१०० वर. उंचावर बाहेरची हवा विरळ म्हणून गेज अडीच-पावणेतीन जास्त दाखवतं. वजाबाकी होऊन चारची घट. इशारा ७६ वर ठेवला असता तर तो इथे उगाच ओरडला असता. शनिवार-रविवारचाच मुक्काम असेल आणि वजनात एवढा वाव असेल, तर मी हात लावत नाही. आठवडाभर राहायचं असेल तर १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरने ८० करते आणि खाली परतल्यावर पहाटे पुन्हा जुळवते.

ट्रेलर उभा राहणार असेल तेव्हा सेन्सर काढून डबीत ठेवते, साधी टोपणं लावते; बॅटऱ्या सीआर-१६३२ आहेत, वर्षातून एकदा सगळ्या एकदम बदलते. एक गोष्ट मात्र हे यंत्र सांगत नाही, ती म्हणजे टायरचं वय. ते टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं: डीओटी अशी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार अंक, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या उन्हात ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी आतून सुकतात, म्हणून येत्या हिवाळ्यात आमचे पाचही बदलायचे आहेत. धातूचे व्हॉल्व्ह तेच राहतील, त्यांच्या बुडाच्या रबरी रिंगा तेवढ्या नव्या टाकून घेणार आहे.