आलेला हप्ता कुणाच्या पैशातला?

स्कीममध्ये पैसे घातलेल्या माणसाजवळ शंका काढली की ठरलेलं उत्तर येतं: "अहो, तीन महिने झाले, वेळेवर पैसे येतायत. खातं दाखवू का?" आणि तो खरंच दाखवतो. नोंद खोटी नसते, पैसे खरेच आलेले असतात. समोरचा गप्प होतो आणि आठवड्याभरात तोही पैसे भरतो. माझ्या मते पॉन्झी स्कीमचं, म्हणजे धंदा न करता लोकांच्याच पैशातून लोकांना परतावा देणाऱ्या स्कीमचं, सगळं बळ या एका नोंदीत आहे. म्हणून आधी तिचाच हिशेब मांडू.

समजा 100 जणांनी प्रत्येकी 1 लाख भरले. जमा 1 कोटी. कबूल केलेला परतावा महिन्याला 10 टक्के. चालकाने 20 लाख स्वतःकडे वळवले, 10 लाख एजंटांना कमिशन म्हणून वाटले. उरले 70 लाख. महिन्याला 100 जणांना 10-10 हजार द्यायचे, म्हणजे 10 लाख. धंदा काहीच नाही, नवा माणूस एकही नाही, तरी सात महिने हप्ते अगदी तारखेला जातात. सात महिन्यांत प्रत्येकाच्या हाती 70 हजार आले, तेही त्याने स्वतः भरलेल्या लाखातलेच.

खरी ओढाताण आठव्या महिन्यापासून. तेव्हाचे 10 लाख उभे करायला साधारण 15 नवे लोक लागतात, कारण प्रत्येक नव्या लाखातूनही 30 हजार आधीच गेलेले असतात. या 15 जणांनाही पुढच्या महिन्यापासून 10 टक्के द्यायचे, म्हणून मग 17 लागतात. हे प्रमाण पुढे धरलं तर दर पाच महिन्यांनी नव्या माणसांची गरज जवळजवळ दुप्पट होते. चालकाला श्वास घ्यायला जागा मिळते ती एकाच गोष्टीमुळे: बरेच जण हप्ता काढून न घेता परत स्कीममध्येच लावतात. "काढू नका, लावा, बोनस मिळेल" असं लीडर सारखं का सांगत असतो, ते यावरून समजावं. भरणा थांबला किंवा सगळे एकदम पैसे काढायला धावले की खेळ संपतो.

चार्ल्स पॉन्झीने 1920 मध्ये बॉस्टनला हेच केलं. 45 दिवसांत 50 टक्के, आणि कारण काय तर परदेशी टपाल कूपनांच्या किमतीतला फरक. शंभर वर्षांत बदललं ते फक्त कारण. भारतातल्या गेनबिटकॉइन स्कीममध्ये ते बिटकॉइन मायनिंग, म्हणजे संगणकांवर नवी बिटकॉइन मिळवणं, होतं: 18 महिने दरमहा 10 टक्के, तेही बिटकॉइनमध्येच. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या स्वतःच्या नाण्यात द्यायला सुरुवात झाली. ज्या चलनात पैसे घेतले ते सोडून स्वतः छापलेल्या टोकनमध्ये परतावा मिळू लागला, तर तिजोरी रिकामी आहे असं खुशाल समजावं. मुंबईतल्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानांच्या स्कीममध्ये हिऱ्यासारखे दिसणारे मोइसनाइटचे खडे होते, आठवड्याला 6 टक्के आणि त्याहून जास्त, 52 आठवडे. आठवड्याला 6 टक्के म्हणजे वर्षात 312 टक्के. डिसेंबर 2024 च्या अखेरीस दर 11 टक्क्यांपर्यंत चढवला आणि 6 जानेवारी 2025 ला दादरच्या दुकानासमोर गर्दी जमली. शेवटच्या दिवसांत दर अचानक वाढणं ही पळून जाण्याआधीची शेवटची वसुली असते. "31 तारखेपर्यंतच ऑफर" असा निरोप आला की नवे पैसे तर भरू नयेतच, आधीचे निघतात का तेही त्याच दिवशी बघावं.

दराची तुलना कशाशी करायची? ठेवी घ्यायची परवानगी असलेल्या बिगरबँक वित्त कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने वर्षाला 12.5 टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि त्यांची ठेव 12 महिन्यांपेक्षा कमी मुदतीची असू शकत नाही. तेव्हा महिन्याचा दर सांगितला तर बारा पटीने, आठवड्याचा सांगितला तर 52 पटीने गुणा. "दिवसाला फक्त 1 टक्का" ऐकायला माफक वाटतं, पण चक्रवाढीने 365 दिवसांत 1 लाखाचे जवळपास 37 लाख 78 हजार होतात. एवढी कमाई ज्याला जमते त्याला बँक कर्ज देईल. तुमच्याकडून पाच-पाच हजार गोळा करायची त्याला गरज नाही.

आता ऑनलाइन प्रकार. न विचारता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नंबर जोडला जातो. दीड-दोनशे लोक असतात, त्यातले बरेचसे टोळीचेच. रोज सकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट, "थँक यू सर". पहिलं काम क्षुल्लक असतं, व्हिडिओ लाइक करा, रेस्टॉरंटला रेटिंग द्या, आणि त्याचे शे-दीडशे रुपये खरोखर जमा होतात. मग टेलिग्राम, मग अ‍ॅप. ते प्ले स्टोअरवर नसतं, लिंकवरून एपीके फाइल उतरवायला सांगतात. उघडलं की हिरव्या अक्षरांत "एकूण शिल्लक 4,86,300", खाली वर चढणारा आलेख. हा आकडा म्हणजे वेबसाइटवर टाइप केलेला मजकूर आहे. त्याच्यामागे शेअर नाहीत, डीमॅट खातं नाही. खरोखर शेअर घेतले असतील तर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डीमॅट खात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या एकत्रित खाते उताऱ्यात दिसतात. दिसत नसतील तर घेतलेच नाहीत.

सुरुवातीला 1,000-2,000 रुपये सहज काढता येतात. ते गळाला लावलेलं आमिष. मोठी रक्कम काढायला गेलं की "30 टक्के टॅक्स आधी भरा", मग "खातं गोठलंय, अनफ्रीझ चार्ज", मग "क्रेडिट स्कोअर कमी आहे". हे पक्कं लक्षात ठेवा: टीडीएस रकमेतून कापला जातो आणि बाकीचा कर तुम्ही स्वतः आयकर पोर्टलवर भरता. तुमचेच पैसे सोडवायला आधी कर मागणारा ब्रोकर कायद्यात बसत नाही. या टप्प्यावर भरलेला प्रत्येक रुपया आधीच्या नुकसानीत वाढ करतो.

पैसे भरताना एक क्षण असा येतो जिथे सगळं उघडं पडतं, आणि तो घाईत निसटतो. यूपीआयचा पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं बँकेतलं नाव येतं. ग्रुपवर कंपनीचं नाव भारदस्त, आणि इथे दिसतं एखादं किराणा दुकान किंवा अनोळखी माणूस. दुसऱ्या दिवशी दुसरंच नाव. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी ऑक्टोबर 2025 पासून वेगळे यूपीआय आयडी आहेत: '@' च्या पुढे 'व्हॅलिड' आणि बँकेचं नाव, '@' च्या आधी ब्रोकरसाठी 'बीआरके' किंवा फंडासाठी 'एमएफ', पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात पांढरा अंगठा दिसतो. सेबी चेक या सोयीवर असा आयडी किंवा बँक खाते क्रमांक टाकून पडताळताही येतो.

कागदपत्रांचं प्रदर्शनही असतंच. कंपनी नोंदणी, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), आयएसओ. यातला एकही कागद लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी नाही. उद्यम तर स्वतः दिलेल्या माहितीवर फुकट मिळतं. तरी कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागून घ्या. तो 21 अक्षरांचा असतो. सातवं-आठवं अक्षर राज्य सांगतं, नववं ते बारावं स्थापनेचं वर्ष. "पंधरा वर्षांचा अनुभव" म्हणणाऱ्या कंपनीच्या नंबरात 2024 निघालं तर पुढे बोलायची गरज नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर भरणा झालेलं भांडवलही दिसतं, आणि कोटींच्या गप्पा मारणाऱ्यांचं ते कधी कधी 1 लाखच असतं. वेबसाइटचा पत्ता 'हू इज' शोधात टाकला की डोमेन कधी घेतलं ते कळतं. सेबीचा नोंदणी क्रमांक दिला असेल तर तो सेबीच्या साइटवर शोधा आणि तिथे छापलेल्या फोनवरच विचारा, कारण खऱ्या संस्थेचा क्रमांक चोरून वापरणं सर्रास चालतं. ठेव योजना असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर संस्था शोधता येते, तक्रारही करता येते.

आता हप्त्याकडे परत येऊ, कारण त्याचा दुसरा त्रास फार जणांना माहीत नसतो. नवे लोक येत असताना तुम्हाला आलेले 10 हजार बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी त्याच आठवड्यात भरलेले असतात. त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती साखळी बँका शोधतात आणि रक्कम रोखून धरतात. साखळीत तुमचं खातं आलं तर पगाराच्या खात्यावरही होल्ड लागू शकतो. आणि मेव्हण्याला, शेजारच्या काकूंना आणून 5 टक्के कमिशन घेतलं असेल तर प्रकरण नात्यापुरतं राहत नाही. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, 2019 नुसार, लोकांना अशा योजनेत ओढण्यासाठी जाणूनबुजून खोटं किंवा फसवं सांगणाऱ्याला 1 ते 5 वर्षं कैद होऊ शकते.

अडकलात असं वाटलं तर पहिले काही तास सगळ्यात मोलाचे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून क्रिप्टोत जायला फार वेळ लागत नाही. लगेच 1930 ला फोन करा, सोबत आपल्या बँकेलाही कळवा. यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा आयडी हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ग्रुप रागाने सोडू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, सदस्यांचे नंबर आणि अ‍ॅपमधली शिल्लक वेबपत्त्यासकट टिपून घ्या. अ‍ॅपचे पुरावे घेतल्यावर फोन इंटरनेटपासून तोडा, अ‍ॅप काढून टाका आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणाऱ्या 1999 च्या कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, चालकाची मालमत्ता जप्त करून विकता येते आणि पैसे ठेवीदारांत वाटले जातात. त्याला वर्षं लागतात, आणि वाटा मिळतो तो ज्याने पावत्यांसह दावा नोंदवला त्याला. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने अर्ज मागवले की लाजेखातर मागे राहू नका.

या मधल्या काळात आणखी एक फोन हमखास येतो. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली, फक्त 5,900 रुपये प्रोसेसिंग फी भरा." तुमचं नाव, बुडालेली रक्कम, स्कीमचं नाव, सगळं त्याला तोंडपाठ असतं, कारण यादी त्याच टोळीकडून विकली गेलेली असते. पोलीस, न्यायालय किंवा 1930 रक्कम परत मिळवून द्यायला अशी फी घेत नाहीत. फोन ठेवा आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.