आईचा खारेपाट आणि नोल्डेचं घर

नीब्यूल स्टेशनवर उतरून टॅक्सीत बसलो आणि पाचच मिनिटांत आई म्हणाली, "अगं, हा तर आपला खारेपाट!"

आईचं सगळं लहानपण पेणजवळच्या खारेपाटात गेलं. समुद्राचं पाणी बांधानं अडवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, आणि भरतीत बांध फुटून खांड गेली की अख्ख्या गावानं रात्री-अपरात्री बांधावर धावायचं. हॅम्बुर्गला राहून मी या भागातून दोनदा गेले होते, पण मला कधी हे दिसलं नव्हतं. डेन्मार्कच्या हद्दीला टेकलेला जर्मनीचा हा कोपरा, उत्तर फ्रिजिया, पिढ्यानपिढ्या बांध घालून समुद्राकडून मिळवलेला आहे. ताटासारखी सपाट जमीन, सरळ रेषेत खणलेले चर, बांधावर चरणाऱ्या मेंढ्या, आणि वर एवढं मोठं आभाळ की माणसाला वाकून चालावंसं वाटेल. जुनी घरं मातीचा भराव घालून केलेल्या उंचवट्यांवर. त्या उंचवट्याला इथे 'वार्फ्ट' म्हणतात.

अशाच एका वार्फ्टवर झेब्यूलचं घर आहे. एमिल नोल्डे या चित्रकारानं 1927 मध्ये ते बांधायला घेतलं. लांबून पाहिलं तर गडद विटांचे काही ठोकळे एकमेकांना लावून ठेवलेत असं वाटतं. छप्पर सपाट. आजूबाजूला सगळी गवतानं शाकारलेली, उतरत्या छपरांची घरं असताना शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या या माणसानं असं घर स्वतः आखलं, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याआधी तो जवळच उटेनवार्फला राहायचा. 1920 च्या सार्वमतानंतर तो भाग डेन्मार्ककडे गेला. तिथली पाणथळ जमीन उपसून कोरडी करायची योजना आली, तेव्हा नोल्डेनं विरोध केला, स्वतःचा पर्यायी आराखडाही मांडला. कोणी ऐकलं नाही, म्हणून त्यानं जागा सोडली. हे सांगितल्यावर आई लगेच त्याच्या बाजूची झाली. "पाणी कुठून जाणार ते गावच्या माणसाला विचारायचं असतं," म्हणाली.

आधी बाग. ऑगस्टचा शेवट होता. डेलिया आणि सूर्यफुलं ऐन भरात. वाटा अशा काढल्यात की वरून पाहिलं तर ए आणि ई ही दोन अक्षरं दिसावीत, आडा आणि एमिल. आडा त्याची डॅनिश बायको. मध्ये छोटं पाण्याचं टाकं, बाजूला गवतानं शाकारलेली एवढीशी झोपडी. वारा कानात शिरून शीळ घालत होता, पण झाडा-झुडपांच्या आडोशाला फुलं निवांत होती. एक डेलिया इतका गडद लाल होता की आत पाहत गेलं तर तो काळाच वाटायला लागला. आई त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवी बसून होती.

घरात शिरलो. राहायच्या खोल्यांच्या भिंतीही ठळक रंगांच्या. बाहेरचा करडा प्रकाश मनात घेऊन आत आलं की हे रंग एकदम अंगावर येतात. नोल्डे 1906 मध्ये 'ब्र्युके', म्हणजे 'पूल' या तरुण चित्रकारांच्या गटात सामील झाला आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडला. हा गट ड्रेस्डेनला 1905 मध्ये वास्तुकला शिकणाऱ्या चार पोरांनी काढला होता. जे डोळ्यांना दिसतं ते हुबेहूब उतरवायचं सोडून, ते पाहताना मनात जे उसळतं ते रंगात आणायचं, ही त्या अभिव्यक्तिवादी चित्रकारांची ओढ होती.

वरच्या मजल्यावरच्या चित्रांच्या दालनात 'ख्रिस्ताचं जीवन' आहे. 1911-12 मधली नऊ चित्रं एकत्र मांडलेली, मधोमध क्रूस. आईला मधलं चित्र बघवेना. ती डावीकडच्या, येशूच्या जन्माच्या चित्रापाशी गेली. त्यात मेरीनं लालबुंद ओलं बाळ दोन्ही हातांनी वर उचलून धरलंय. नम्र, पापण्या झुकवलेली मेरी मी चर्चमध्ये खूप पाहिली आहे. ही तशी नाही. ही नुकती मोकळी झालेली बाई आहे. आई म्हणाली, "सुटली बाई एकदाची. बघ कशी आनंदली आहे."

जलरंगांपाशी मी रेंगाळले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या कोणालाही आठवत असेल: रंग रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही, एक थर वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. नोल्डे ओल्या जपानी कागदावर रंग सोडतो. कागद तो पिऊन टाकतो, जांभळा निळ्यात घुसतो, कडेला गडद ओघळ थांबतो, आणि त्या डागातूनच त्याला एक चेहरा सापडतो. मग दोन-चार काळ्या रेषा. बस. तळहाताहून थोडे मोठे असे तेराशेच्या वर जलरंग त्यानं नात्झी राजवटीच्या काळात केले. त्यांना तो 'न रंगवलेली चित्रं' म्हणायचा.

आणि इथेच तो भाग येतो, जो आईला समजावताना माझी जीभ जड झाली. नात्झींनी जर्मन संग्रहालयांतून नोल्डेच्या 1052 कलाकृती जप्त केल्या. इतक्या दुसऱ्या कोणाच्याच नाहीत. 1937 मध्ये म्यूनिकला 'अधःपतित कला' म्हणून जे प्रदर्शन भरवलं, त्यात हे 'ख्रिस्ताचं जीवन'ही टांगलं होतं. 1941 मध्ये चित्रं विकायला आणि मांडायला बंदी आली. युद्धानंतर कितीतरी वर्षं नोल्डे म्हणजे छळ सोसलेला कलावंत, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पण नोल्डे स्वतः 1934 पासून नात्झी पक्षाचा सदस्य होता. ज्यूंचा द्वेष करायचा. माक्स पेखश्टाइन हा चित्रकार ज्यू नसताना तो ज्यू आहे अशी चहाडी त्यानं 1933 मध्ये सरकारदरबारी केली. बंदी आली तरी त्याची निष्ठा ढळली नाही. 2019 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे सगळं कागदपत्रांसकट मांडलं गेलं, आणि त्याच वर्षी जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांनी आपल्या कार्यालयातली त्याची दोन चित्रं उतरवली.

"मग याचं घर कशाला जपलंय?" आईनं विचारलं. मला तिथे उत्तर सुचलं नाही. मला मुंबई आठवत होती. नोल्डेनं ज्या पक्षाचं सदस्यत्व घेतलं, त्याच पक्षाच्या राजवटीमुळे वॉल्टर लँगहॅमर व्हिएन्ना सोडून मुंबईला आले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलादिग्दर्शक झाले. समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर हेही तसेच मुंबईत आलेले. लँगहॅमर यांच्या नेपियन सी रोडवरच्या घरी तरुण चित्रकार जमायचे. रझा, आरा यांना युरोपातली नवी चित्रकला, तिचा बेधडक रंग, या माणसांनी दाखवला. 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हा ही मंडळी पाठीशी होती. अमरावतीकडचे गाडे आणि गोव्यातल्या साळगावचे सूझा त्याच गटातले. मी रझांची सुरुवातीची मुंबईची जलरंगचित्रं पाहिली आहेत. ओल्या रंगाचा तोच मोकळेपणा. जर्मन रंग आपल्याकडे पोचला तो घरदार सोडावं लागलेल्यांच्या हातून. हे माहीत असलं की नोल्डेच्या लालसमोर नुसतं सुखानं उभं राहता येत नाही. पण मी तिथून हललेही नाही, हे खरं.

बाहेर बागेच्या कडेला त्याची समाधी आहे. युद्धात हवाई हल्ल्यांपासून लपायला वार्फ्टच्या उतारात केलेला बंकर, त्यातच आडा 1946 मध्ये आणि नोल्डे 1956 मध्ये विसावले. आईची सवय अशी की कोणाचीही समाधी असो, मजार असो, चपला काढून हात जोडायचे. इथे तिनं चपला काढल्या, मिनिटभर उभी राहिली, हात जोडले नाहीत. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

दुकानातून तिनं लाल पॉपींच्या चित्राचं एक कार्ड घेतलं. टॅक्सीची वाट बघताना ते माझ्यापुढे धरून म्हणाली, "याच्या मागे लिहून दे. कोणाचं ते लिही, आणि तो काय होता तेही लिही. मी वाचून दाखवीन सगळ्यांना." वाऱ्यानं कार्ड सारखं उलटत होतं. तिनं ते दोन्ही हातांनी माझ्या गुडघ्यावर दाबून धरलं आणि मी लिहायला लागले.