नाव एका कपाटात, चेहरा दुसऱ्या: हार्लेम ते वॉशिंग्टन

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, भुयारी रेल्वेतून १३५व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून जिना चढले, की लगतच शॉम्बर्ग सेंटरची विटांची इमारत दिसते. मूळचे पोर्तो रिकोचे असलेले आर्तुरो शॉम्बर्ग यांनी नोकरी सांभाळून कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे ग्रंथ, हस्तलिखिते आणि चित्रे जमवली. कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या दहा हजार डॉलरमधून १९२६ साली हा संग्रह न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी विकत घेण्यात आला. दर्शनी दालनातल्या फरशीवर नद्यांची नक्षी कोरलेली आहे आणि तिच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. ग्रंथालय एखाद्या समाजाला इतके आपले वाटावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

कृष्णवर्णीय अमेरिकनांची जुनी वृत्तपत्रे आणि त्यांच्या रंगभूमीवरील कलावंतांची छायाचित्रे आज संगणकावर कशी जतन होत आहेत, हे जवळून पाहण्यासाठी मी हा प्रवास केला. छायाचित्रांच्या विभागात आगाऊ वेळ घेऊन गेले होते. हातमोजे घालायला लावून तिथल्या कर्मचाऱ्यांनी समोर ठेवलेल्या छायाचित्रांपैकी एकापाशी मी बराच वेळ थांबले. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, तपकिरी झाक आलेली ती एका अभिनेत्रीची तसबीर होती. बाहीवरची लेस, कमरेशी खोचलेले कापडी फूल, हनुवटीखालची सावली असे सगळे अगदी स्पष्ट दिसत होते. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले होते. मात्र बाईंचे नाव पुढेही नव्हते आणि मागेही नव्हते. अशा अनाम तसबिरी साऱ्याच संग्रहांत असतात. तसबीर काढवून घेणाऱ्याला आणि ज्याच्या घरी ती जाणार त्याला नाव ठाऊक असे, त्यामुळे ते लिहून ठेवावे असे कुणाला वाटलेच नाही.

ही नावे सापडतात ती वृत्तपत्रांत. इंडियानापोलिसचे 'फ्रीमन' हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र विसाव्या शतकाच्या आरंभी नाटक मंडळ्यांचे दौरे, कलावंतांची पत्रे आणि प्रयोगांची परीक्षणे नियमित छापत असे. सिल्व्हेस्टर रसेल हे त्याचे गाजलेले समीक्षक होते. 'न्यूयॉर्क एज'मध्ये तेच काम लेस्टर वॉल्टन करीत आणि पुढे ते हार्लेममधील लाफायेत थिएटरच्या व्यवस्थापनातही होते. गोऱ्यांची मोठी वृत्तपत्रे ज्या कलावंतांची क्वचितच आणि बहुधा थट्टेच्या सुरात दखल घेत, त्यांच्याविषयी इथे गंभीरपणे, वेळप्रसंगी कठोरपणेही लिहिले जात होते.

मायक्रोफिल्मच्या, म्हणजे वृत्तपत्राची पाने अगदी लहान आकारात टिपलेल्या फिल्मच्या, यंत्रावर रीळ फिरवताना मात्र एक गोष्ट फार खटकली. जिथे एखाद्या अभिनेत्रीचे चित्र आणि त्याखाली तिचे नाव आहे, तिथे नाव स्वच्छ वाचता येते आणि चित्राच्या जागी मात्र काळा डाग उरलेला असतो. मायक्रोफिल्म मुख्यतः छापील अक्षरे टिपण्यासाठी वापरली जाई, त्यामुळे तिच्यावर काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे होते. छायाचित्र ठिपक्यांनी छापणाऱ्या हाफटोन ब्लॉकच्या बारीक ठिपक्यांतील मधल्या छटा तिथे पुसल्या जातात आणि सावळ्या चेहऱ्यांचे तपशील सर्वांत आधी जातात. म्हणजे वृत्तपत्रात नाव उरले आणि चेहरा गेला. तसबिरीत चेहरा उरला आणि नाव गेले. या दोन्ही संग्रहांचे काम एकत्र झाले पाहिजे, असे माझे ठाम मत तिथेच झाले.

लिंकन सेंटरमधील ललित प्रयोगकलांच्या ग्रंथालयात दुसऱ्या प्रकारचे मोल दिसते. बर्ट विल्यम्स, जॉर्ज वॉकर आणि एडा ओव्हर्टन वॉकर या कृष्णवर्णीय कलावंतांचे 'इन डहोमी' हे संगीतक १९०३ साली ब्रॉडवेवर आले आणि त्याच वर्षी लंडनला जाऊन बकिंगहॅम राजवाड्यातही त्याचा प्रयोग झाला. त्या काळच्या गाण्यांच्या छापील पुस्तिकांवर कृष्णवर्णीय माणूस म्हणजे जाड ओठांचे विडंबनचित्र असे. विल्यम्स स्वतः रंगमंचावर चेहऱ्याला काळा रंग फासून उभे राहत. स्टुडिओत, रंग न लावता, उत्तम शिवलेल्या सुटात काढलेली त्यांची तसबीर त्या विडंबनचित्रांशेजारी ठेवून पाहिली, म्हणजे या मंडळींना छायाचित्रकाराकडे जाणे इतके महत्त्वाचे का वाटत होते, ते समजते.

इथून कोलंबिया विद्यापीठ दूर नाही. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकत होते, तेव्हा 'न्यूयॉर्क एज' याच शहरात छापला जात होता. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पाठवलेले पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहाने स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहे. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी त्यात मागितल्या आहेत.

तिथून रेल्वेने वॉशिंग्टन गाठले. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा वृत्तपत्र कक्ष मॅडिसन इमारतीत आहे आणि वाचक म्हणून नोंदणी केली की तो कुणालाही खुला असतो. कागदाचा एक विलक्षण उलटा न्याय इथे ध्यानात येतो. कृष्णवर्णीयांनी काढलेले अमेरिकेतील पहिले वृत्तपत्र 'फ्रीडम्स जर्नल' १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये निघाले. आमची बाजू आम्हीच मांडणार, फार काळ इतरच आमच्या वतीने बोलत आले, असे सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी पहिल्याच अंकात बजावले होते. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने आजही लवचीक राहतो. उलट १८७०नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद रुळला. त्यातील लिग्निन हा लाकडातला घटक आणि आम्ल यांमुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो, म्हणून १९१०चा अंक १८२७च्या अंकापेक्षा जर्जर असतो.

कागदाने दगा देण्याआधी माणसांनी केलेला नाश वेगळाच. मेम्फिसमधील आयडा बी. वेल्स यांच्या 'फ्री स्पीच'चे कार्यालय १८९२ साली जमावाने उद्ध्वस्त केले आणि त्या पत्राचा एकही मूळ अंक आज उपलब्ध नाही. इतरांनी उद्धृत केलेल्या उताऱ्यांवरून तेवढे ते कळते. विल्मिंग्टनचे 'डेली रेकॉर्ड' १८९८ साली जाळले गेले. त्याचे मोजकेच अंक हाती लागले असून ते आता संगणकावर वाचता येतात. अशा परिस्थितीत आर्मिस्टेड प्राइड यांच्यासारख्या अभ्यासकांचे ऋण मोठे आहे, कारण १९४०च्या दशकात देशभर विखुरलेले अंक शोधून त्यांची मायक्रोफिल्म करण्याच्या कामात ते अग्रभागी होते. त्या काळ्या डागांबद्दल मला तक्रार असली, तरी ती रिळे झाली नसती तर कित्येक पत्रांची नावेदेखील उरली नसती.

लायब्ररीचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह २००७ साली खुला झाला. त्यात 'वॉशिंग्टन बी', 'रिचमंड प्लॅनेट' अशी पत्रे विनामूल्य वाचता येतात. त्याची पाने प्रामुख्याने मायक्रोफिल्मवरून ४०० डीपीआयपर्यंत (म्हणजे इंचाला ४०० ठिपके) करड्या छटांत स्कॅन होतात आणि मग संगणक अक्षरे ओळखून शोधयोग्य मजकूर तयार करतो. मूळ रिळात जे हरवले ते अर्थातच परत येत नाही. म्हणून जिथे कागद शिल्लक आहे, तिथे तो थेट स्कॅन करावा, निदान सचित्र पाने तरी.

याच लायब्ररीच्या छायाचित्र विभागातील छायाचित्रकार कार्ल व्हॅन व्हेक्टन यांचा संग्रह याबाबतीत आदर्श वाटला. १९३२ ते १९६४ या काळात त्यांनी काढलेली सुमारे १,४०० छायाचित्रे इथे आहेत आणि कलावंताचे नाव, भूमिका व तारीख यांवरून त्यांतले हवे ते शोधता येते. ब्रॉडवेवर १९४३ साली सुरू होऊन २९६ प्रयोग झालेल्या 'ऑथेल्लो'मधील कृष्णवर्णीय अभिनेते पॉल रोबसन यांचे १९४४चे छायाचित्र या नोंदींमुळेच क्षणात सापडते.

'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे जुने अंक मात्र वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांतूनच वाचावे लागतात, आणि रेल्वेगाड्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टर मंडळींनी अमेरिकेच्या दक्षिणेत पोहोचवलेल्या पत्राच्या वाट्याला हे यावे, याचे मला वाईट वाटते. खुल्या संग्रहांत शोध घेताना मी आता कलावंताचे आडनाव दोन-तीन स्पेलिंगांनी, मग मंडळीचे नाव आणि शेवटी गावातल्या नाट्यगृहाचे नाव अशा क्रमाने टाकते. फिकट छपाईत संगणक एखादे अक्षर हमखास चुकतो, पण नाट्यगृहाचे नाव जाहिरातीत मोठ्या टायपात असते आणि ते बहुधा बरोबर वाचले जाते.